नाताळचं झाड: स्टँड गेलाय, शनिवारच्या आत ठरवा

सभागृह समिती:
मंडळी, आपलं सहा फुटी प्लास्टिकचं झाड बाहेर काढलं. स्टँडची प्लास्टिकची वाटी उभी चिरली आहे, दांडा ठरतच नाही. नवीन घ्यायचं की या खेपेला खरं आणायचं? झाड हवं की नको, हा वाद गेल्या वर्षी संपला आहे. भांडाराची किल्ली माझ्याकडे आहे, परस्पर कोणी काही टाकू नये.

पर्वरी गट:
खरंच आणा. प्लास्टिक विकत घ्यायचं आणि वर पर्यावरणावर व्याख्यान ठेवायचं, हे शोभत नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं ढिगाने आहेत, दोन फांद्या काढल्या तर काय बिघडतं?

फोंड्याच्या ताई:
बिघडतं. किनाऱ्यावरची सुरू वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहे. शिवाय गोव्यात झाडं राखायचा 1984 चा वृक्ष कायदा आहे, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कोणाच्या आवारातली छाटणी मिळत असेल तर जरूर आणा, पण फार आधी नको. सुरूच्या त्या सुया म्हणजे पानं नव्हेत, बारीक सांध्यांच्या काड्या आहेत. तोडल्या की सुकून सांध्यात तुटतात आणि सभागृहभर पडतात. बादलीत ओली वाळू दाबून बुंधा रोवा. दिवे एलईडीच लावा, सुकी सुरू भुर्रकन पेटते.

म्हापसा, बागकाम:
मग कुंडीतलं का नको? नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते अरोकेरिया. एवढंच बघा की रोप बियांचं आहे. बाजूच्या फांदीचं कलम असेल तर ते आडवंच वाढतं, सरळ शेंडा धरत नाही. शेंडा छाटू नका. खालची फांदी एकदा वाळली की तिथे पुन्हा फुटत नाही. एसीच्या झोतात ठेवलंत तर आधी खालच्याच फांद्या जातात. दोन-तीन दिवस आत, मग लगेच बाहेर सावलीत.

खजिनदार:
पाणी कोण घालणार तेही ठरवा. मागच्या तुळशींचं काय झालं, माहीत आहे.

पर्वरी गट:
तुळशींचा विषय वेगळा आहे, काका. त्या काळात चावी आम्हाला मिळत नव्हती.

वास्को, दुरुस्ती:
कार्बन ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेच्या हिशेबात दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइड, खरं झाड कचराभूमीत कुजलं तर 16, जाळलं तर साडेतीन. हे आकडे ब्रिटनमधल्या शेतातल्या झाडांचे, सुरूला जसेच्या तसे लागू नाहीत. पण आपलं झाड आधीच घेतलेलं आहे. त्याचे 40 किलो होऊन गेले. आता वाटीपायी ते फेकून नवीन आणलं तर आणखी 40. शिवाय जुन्याचं करणार काय? पात्या पीव्हीसीच्या, आत पिळलेली तार. वेगळं करायला परवडत नाही, म्हणून भंगारात फक्त दांडा जातो. उरलेलं कोणी तारेसाठी जाळलं तर धुरात हायड्रोजन क्लोराइड, शिवाय डायॉक्सिन, दोन्ही विषारी. सिमेंटच्या भट्टीलाही पीव्हीसीतला क्लोरीन नको असतो.

तेव्हा वाटी सोडा. रंगाचा दहा लिटरचा रिकामा डबा घ्या. त्यात मधोमध एक फूट पाइप उभा करा, आतला व्यास दांड्यापेक्षा दोनच मिलिमीटर जास्त. पाइपचं खालचं तोंड टेपने बंद करायचं, नाहीतर काँक्रीट आत चढतं आणि सगळी मेहनत वाया. सिमेंट एक, रेती दोन, खडी चार. डबा अर्धाच भरा, बारा किलो पुरे. पूर्ण भरलात तर उचलायला दोन माणसं लागतील. ओळंब्याने पाइप सरळ आहे ना ते बघा, आठवडाभर ओलं पोतं टाका. दांडा डुलत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

फोंड्याच्या ताई:
दिवाळीतल्या नरकासुराच्या सांगाड्याचे बांबू मागे पडून आहेत, त्यांचा तिकाटणा का नाही? सिमेंटही वाचेल.

वास्को, दुरुस्ती:
बांबू पोखरलेत, भुसा पडतोय. मुलं झाडाला लोंबकळतात.

सभागृह समिती:
डबा आणि अर्धं पोतं सिमेंट आहे. अर्ध्या पोत्याला गाठी धरल्या आहेत, चालेल का?

वास्को, दुरुस्ती:
बोटांनी दाबून फुटल्या तर चाळून घ्या. दगडासारख्या असतील तर नाही, ताजं आणा. आणि फांद्यांच्या आकड्यांवर गंज दिसतोय, तिथे शिवणयंत्राचं तेल लावून पुसा. झाड परत ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, पावसाळ्यात आत घाम धरतो. जुनी सुती चादर, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर नको.

म्हापसा, बागकाम:
थर्माकोलचे मणी बर्फ म्हणून आणू नका. कापूस चालेल, दिव्यांपासून लांब.