उत्तर: सिंगापूर क्रूझच्या आदल्या रात्री हॉटेल कुठे घ्यावं?

क्रूझच्या आदल्या दिवशीच सिंगापूरला पोचा हा सल्ला शंभर टक्के बरोबर, पण त्यासोबत "हार्बरफ्रंटला हॉटेल घ्या, जहाज समोरच" असंही सांगतात, ते सरसकट धरू नका. सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि दुसरं मरीना बेला, मोठी जहाजं बहुतेक मरीना बेवरून सुटतात, तेव्हा तिकिटावर कुठलं लिहिलंय ते बघून मगच हॉटेल.

आम्ही ठाणेकर हमखास लिटिल इंडियात उतरतो (जेवणाची सोय, दुसरं काय!), तिथून मरीना बेच्या टर्मिनलला जायचं तर मेट्रोच्या जांभळ्या लाईनने धोबी घाट स्टेशन, तिथे दादरला बदलतो तशी गाडी बदलून लाल लाईन, अगदी शेवटचं स्टेशन मरीना साऊथ पिअर, तिथे उतरायचं. सोबत सासूबाई आणि मोठ्या बॅगा असतील तर मात्र सरळ टॅक्सी करा.