पहिल्या तासिकेतील दहा मिनिटे लेकरांच्या मनासाठी राखावीत का?

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा दिवाळीनंतर रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला की बसल्या जागी अर्धवट उठायचा आणि आवाज विरला की पुन्हा खाली बसायचा. मी त्याला दोनदा रागावले आणि त्याच्या नोंदीत ‘वर्गात लक्ष नसते’ असेही लिहून टाकले. त्याचे आईवडील मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला ट्रॅक्टरमधूनच गेले होते आणि तो आजीजवळ राहिला होता, हे मला ठाऊक होते. तरी या दोन गोष्टींची सांगड घालायला मला महिना लागला.

साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, आमच्याकडे अशी मुले जवळजवळ प्रत्येक वर्गात असतात. हंगामी वसतिगृहामुळे त्यांच्या जेवणाची सोय होते व शाळा सुटत नाही, आणि ही सोय मुळीच लहान नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाने पाच-सहा महिने आईवाचून काढायचे म्हणजे काय, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. म्हणून माझे मत असे की, हजेरी झाल्यावर रोज दहा मिनिटे वर्गाने गोल करून बसावे आणि कालचा दिवस कसा गेला ते सर्वांसमोर बोलावे. राज्यात 2024 पासून मुलांचा ताण हलका करण्यासाठी ‘आनंददायी शनिवार’ हा शालेय उपक्रम आहे, पण आठवड्यातला एक दिवस त्यासाठी अपुरा पडतो.

पालक, लातूर जिल्हा

बाई, आपली तळमळ कळते, पण ‘सर्वांसमोर’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होतो. त्यानंतर कित्येक महिने गावात जो येई तो आम्हा मुलांना जवळ घेऊन ‘तुझ्या घरचं कोण गेलं?’ असे विचारी, आणि आम्ही तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत असू. विचारणाऱ्याचे डोळे भरून येत, आमचे कोरडे राहत.

मला सावरले ते पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा सुरू झालेल्या शाळेने. तीच हजेरी, तेच पाढे आणि तेच गुरुजी. माझ्याशेजारी बसणारा मुलगा आता नव्हता. बसकरपट्टीवरची त्याची जागा आम्ही कोणी घेत नव्हतो आणि गुरुजींनीही कधी ‘सरकून बसा’ म्हटले नाही. याला कोणी समुपदेशन म्हणणार नाही, परंतु त्याहून मोठा आधार मला कोणी दिल्याचे आठवत नाही. मुलांना बोलते करण्याचा हट्ट धरू नये.

शिक्षक, द्विशिक्षकी शाळा, हिंगोली जिल्हा

आम्ही दोघे शिक्षक मिळून चार वर्ग सांभाळतो. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, वर्ग किती आहेत हे तिथे कोणी पाहत नाही. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणूक आली की मतदार याद्या. आज आपण आपखुशीने दहा मिनिटांची कल्पना मांडाल, उद्या तिचे परिपत्रक निघेल आणि परवा ‘किती विद्यार्थी दुःखी आढळले’ याचा तक्ता सायंकाळी पाचपर्यंत मागवला जाईल. शिवाय मन हा आमचा विषय नाही. चुकीचे काही बोलून गेलो तर जबाबदार कोण? प्रत्येक केंद्रासाठी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटासाठी, एक प्रशिक्षित समुपदेशक द्यावा, मग बोलू.

मानसोपचार विभागातील समाजसेविका, नांदेड

समुपदेशकाची मागणी रास्त आहे, पण तो येईपर्यंत मूल थांबून राहत नाही. या वयाची मुले ‘मला वाईट वाटते’ असे क्वचितच म्हणतात. त्यांचे पोट दुखते, मोठी झालेली मुले पुन्हा अंथरुणात लघवी करू लागतात, खिचडीचे ताट तसेच राहते, खोडरबराने खोडता खोडता वही फाटते. हे ओळखण्यासाठी पदवी लागत नाही. मूल पूर्वी कसे होते हे माहीत असावे लागते, आणि ते डॉक्टरांपेक्षा वर्गशिक्षकाला अधिक माहीत असते.

उपचार करणे हे आपले काम नव्हे, हे सरांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. असा बदल दोन आठवडे टिकला तर घरी बोलावे. तरीही ओसरला नाही, किंवा मूल स्वतःला इजा करण्याचे बोलू लागले तर एक दिवसही न थांबता, जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाकडे न्यावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मुलाशी कसे बोलावे हे शिक्षकही तिथे विचारू शकतात. मुलावर कोणी अत्याचार करीत असल्याची शंका आली तर मात्र 1098 या बालकांच्या मदतवाहिनीला फोन करावा. आणि एक आठवण करून देते: 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. ‘रडूबाई’ म्हणून वर्गाला हसवणे त्यातच मोडते.

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

लातूरच्या दादांचे वाचून गोल करून बसण्याचा आग्रह मी सोडला आहे. दहा मिनिटे मात्र सोडणार नाही. त्या वेळात मुले चित्र काढतील किंवा नुसती बसतील आणि मी रोज दोघा-तिघांच्या जवळ जाऊन बसेन. हिंगोलीच्या सरांना एवढेच सांगते की, याचा तक्ता मी कोणालाही देणार नाही.

त्या मुलाचे काय झाले तेही सांगते, कारण तिथेच मी अडले आहे. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत मी माझ्या फोनवरून त्याला आईशी बोलायला दिले. तो फक्त ‘हं, हं’ करीत राहिला, पण नंतर खिचडी दोनदा मागून खाल्ली. मला बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याची आजी शाळेत आली आणि म्हणाली, “बाई, फोन नका लावून देऊ. रातभर रडलंय लेकरू.” आजीचे ऐकावे की मुलाचे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पालक, लातूर जिल्हा

फोन बंद करू नका, पण वार आणि वेळ ठरवून टाका, आणि पहिल्या वेळी आजीलाही शाळेत बोलावून शेजारी बसवा. तिची लेकसुद्धा उसाच्या फडातच आहे ना?

प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा

लेक नव्हे, सून. पण मुलगाही तिथेच आहे. शुक्रवारी बोलावते.