ब्रेडबोर्ड : एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडले, तरी मीटर दोन किलोओहम दाखवत नाही

साखळीची मावशी
नमस्कार. भाचा नववीत आहे, गणेश चवथीच्या सुट्टीत आमच्याकडे आलाय. त्याला ८३० छिद्रांचा लांब ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता छिद्रांत पाय खोचून सर्किट जोडायचा बोर्ड) आणून दिला. १ किलोओहमचे (रंगपट्टे तपकिरी, काळा, लाल, सोनेरी) दोन रेझिस्टर एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले, तर मीटर ९९० ओहमच दाखवतो. दुसरं म्हणजे ९ व्होल्टची बॅटरी, ३३० ओहम आणि लाल एलईडी हे सर्किट बोर्डाच्या डाव्या अर्ध्यात पेटतं, तेच उजवीकडे लावलं की पेटत नाही. बॅटरीच्या वायरी डाव्या टोकालाच आहेत. बोर्ड बदलून आणू का? पोर हिरमुसलंय.

जुना इन्स्ट्रक्टर, फोंडा
बोर्ड चांगला आहे ताई, बदलू नका. आयटीआयच्या मुलांना मी पहिल्या दिवशी बॅटरी हातात देतच नसे. मीटर बझरवर ठेवायचा (दोन टोकं आतून जोडलेली असली की तो वाजतो), दोन छिद्रांत वायरीचे तुकडे खोचायचे, कुठे वाजतो ते बघत वहीत बोर्डाचा नकाशा काढायचा. भाच्याकडूनही हे करून घ्याच, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसत नाही.

मधल्या खाचेच्या दोन्ही अंगांना पाच-पाच छिद्रांच्या ओळी आहेत. प्रत्येक ओळीच्या पोटात धातूची एकच पट्टी असते. रेझिस्टरचे दोन्ही पाय त्याच पाचांत गेले, की करंट पट्टीतूनच निघून जातो आणि रेझिस्टर असून नसल्यासारखा. तुमचा एक तसाच बसला असणार, म्हणून दुसऱ्या एकट्याचं माप येतंय. (९९० बरोबरच आहे, सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के इकडे-तिकडे.) पहिला रेझिस्टर ज्या ओळीत संपतो, त्याच ओळीतून दुसरा सुरू करा आणि तिसऱ्याच ओळीत संपवा.

उजव्या अर्ध्याचं सोपं आहे. कडेच्या लाल-निळ्या लांब पट्ट्या बऱ्याच मोठ्या बोर्डांत मधोमध तुटक असतात. लाल ते लाल, निळी ते निळी अशा दोन छोट्या वायरी टाका.

पेडणेकर
पावसात आपल्याकडे रेझिस्टरचे पाय काळवंडतात, किनाऱ्याजवळ तर फारच. बारीक पॉलिश पेपरने घासून मगच खोचा. ओहम मोजताना बॅटरी काढलेली हवी. आणि मीटरच्या दोन्ही प्रोबची टोकं उघड्या बोटांनी दाबून धरू नका. १ किलोओहमला फरक कळत नाही, पण १ मेगाओहमला आपलं अंगच समांतर जोडलं जातं आणि आकडा घसरतो.

साखळीची मावशी
१.९८ किलोओहम आले! समांतर जोडले तर ४९५. उजवीकडचा एलईडीही लागला. त्याला ३३० चालेल ना?

जुना इन्स्ट्रक्टर, फोंडा
चालेल. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ७ भागिले ३३०, म्हणजे २१ मिलिअँपियर. मी मात्र ४७० (पिवळा, जांभळा, तपकिरी) लावेन. १५ मिलिअँपियरला उजेडात फारसा फरक पडत नाही आणि बॅटरी जास्त टिकते.

आता ते दोन एकसर रेझिस्टर ९ व्होल्टला जोडा, मधल्या सांध्यावर ४.५ व्होल्ट मिळतील. मग खालच्या (बॅटरीच्या उणे टोकाकडच्या) रेझिस्टरला तिसरा १ किलोओहम समांतर लावा, पण मीटर टेकवण्याआधी भाच्याला वहीत आकडा काढू दे. ३ व्होल्ट यायला हवेत, बॅटरी कोरी असेल तर किंचित जास्त.