मदत हवी आहे: जुना पायोनियर रिसीव्हर घेऊ का? (तातडीचं)

भोंगा: पायोनियर एसएक्स ७८०, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला सेट. चंदेरी तोंड, वॉटच्या दोन सुया मस्त नाचतात. दुकानदार २२ हजार म्हणतोय, मुदत आज संध्याकाळपर्यंतच. आवाज खणखणीत आहे. घेऊ की नको, तेवढंच सांगा.

खरखर: स्पीकर कोणते? रेकॉर्ड वाजवणार की फोनवरची गाणी? मागच्या पट्टीवर व्होल्टेज किती लिहिलंय?

जुनाबाजार: १९७८चं मॉडेल, चॅनलमागे ४५ वॉट. डोळे झाकून घ्या. फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा, आयताच मिळतो.

कावियाची_डबी: डोळे झाकून काय? त्यात एसटीकेचे पॅक आहेत, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे तयार आयसी. एक उडाला की बाजारात नकलीच हाती येतात. शिवाय कपॅसिटर सुकलेले असणार, सगळे बदलावे लागतील.

जुनाबाजार: सगळे कशाला? माझा बारा वर्षं वाजतोय. व्हॉल्यूम खरखरायचा, पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या भागात) क्लीनर मारला, नॉब पन्नास वेळा फिरवला, गप्प झाला.

कावियाची_डबी: तुमचं नशीब, काका. त्यावर दुसऱ्याचे २२ हजार लावू नका.

चाळकरी: आमच्या मामाने दुबईहून अकाई आणला होता. गणपतीत गॅलरीत स्पीकर ठेवायचो. गेले ते दिवस!

निळादात: त्यापेक्षा साउंडबार घ्या. रिमोट येतो.

भोंगा: साउंडबार विचारलेला नाही. मागे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ आहे. पण दुकानात नीट चालत होता, खाली एक निळा डबा होता फक्त.

खरखर: अहो, तो डबाच स्टेप-डाउन, २३०चे १२० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर! म्हणजे सेट अमेरिकेचा. थेट २३०ला लावलात तर धूर निघेल. डबा किमतीत धरलाय का विचारा, ५०० वॉटचा तरी हवा. तिथली एफएम पट्टी आपल्यासारखीच, स्टेशनं लागतील. डी-एम्फसिस (एफएमचे वरचे सूर रेडिओत कमी करायचं माप) तिथे ७५ मायक्रोसेकंद, इथे ५०, म्हणून आवाज किंचित दबका वाटेल. आता एक सांगा: चालू केल्यावर काही सेकंदांनी आतून 'टक' आवाज आला का?

भोंगा: नाही. बटण दाबलं की लगेच गाणं. चांगलंच की!

कावियाची_डबी: चांगलं नाही. तो टक स्पीकरच्या रिलेचा, म्हणजे आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा. पॅक गेला तर डीसी (स्पीकर जाळणारा एकदिश प्रवाह) स्पीकरवर जाऊ नये म्हणून तो रिले असतो. कुणीतरी तो शॉर्ट करून बाद केलाय. स्पीकर काढून त्याच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून डीसी मोजा. २०-३० मिलिव्होल्ट ठीक, १००च्या वर दिसले तर नमस्कार करून निघा.

जुनाबाजार: हे मात्र खरं. रिले नसेल तर मीही घेणार नाही.

भोंगा: दुकानदाराला फोन केला. म्हणतो, "टक आला की गिऱ्हाइकाला सेट बिघडलाय वाटतं, म्हणून काढला." आता पाच हजार ॲडव्हान्स परत मागायला निघालोय.

खरखर: ॲडव्हान्स दिला होता? हे आधी सांगायचं ना! मल्टिमीटर घेऊनच जा.