नाव सोडण्याआधी पाण्याचं तापमान बघा

वाहत्या नावेतून स्टीलहेड (समुद्रातून अंडी घालायला नदीत येणारा ट्राउट मासा) पकडण्याबद्दलच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय की नाव प्रवाहाच्याच वेगाने सोडली की गळाच्या दोरीचं शिशाचं वजन तळाला टकटक करत नैसर्गिकपणे वाहतं, ते अगदी पटलं. वल्ही मारणारा चांगला असेल तर अर्धं काम तिथेच झालं. मात्र हे सगळीकडे चालत नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये डेशूट्स नदीच्या खालच्या भागात बहुतेक पट्ट्यात नावेतून गळ टाकायला मनाई आहे. नावेने जागा गाठायची आणि पाण्यात उतरून मासेमारी करायची.

त्या चर्चेत अजून कुणी तापमानाबद्दल बोललेलं नाही. उन्हाळी स्टीलहेड नदीत शिरतो तेव्हा अंडी घालायला अजून कित्येक महिने असतात. तोवर तो जवळजवळ साठवलेल्या चरबीवरच तग धरतो. पाणी २० अंश सेल्सियसच्या आसपास गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. मग गळाशी झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी पुढे मरू शकतो. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा पर शाबूत असलेले (केंद्रात वाढवून सोडलेल्या माशांचा तो कापलेला असतो) जंगली मासे तर बहुतेक ठिकाणी सोडावेच लागतात. म्हणून नावेत थर्मामीटर ठेवाच. ऑगस्टमध्ये पहाटे गळ टाका आणि दुपारी सरळ किनारा गाठा.