अंगणात पतंगांसाठी पडदा लावायचाय: दिवा कोणता आणि फोटो कसे घ्यायचे?

आडवाट
नमस्कार मंडळी. घर चिपळूणजवळ, मागे लगेच डोंगर. रात्रीचे पतंग (मॉथ) बघायला अंगणात दोरीवर पांढरी चादर टाकून 9 वॅटचा एलईडी बल्ब लावला, तर चार-दोन तपकिरी पतंगांपलीकडे काही येत नाही. फोटोत चादर करडी आणि पतंग म्हणजे काळा डाग. फ्लॅश मारला की सगळं पांढरंफटक. जवळ 18-55 लेन्सचा जुना डीएसएलआर आणि साधा फोन आहे. पुढच्या आठवड्यात अमावस्या आहे, तोवर काय काय बदलू?

निशाचर
आधी दिवा बदला. पांढऱ्या एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ निघतच नाहीत आणि पतंग ओढले जातात ते मुख्यतः त्यांच्यामुळेच. 160 वॅटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब मिळाला तर उत्तम. त्याला वेगळा चोक लागत नाही, थेट 230 व्होल्टवर चालतो. होल्डर मात्र चिनीमातीचा घ्या, प्लास्टिकचा वितळेल. बल्ब प्रचंड तापतो, त्यामुळे पावसाचा एक थेंब पडला तरी काच तडकू शकते. वर पत्र्याचं झाकण हवंच. बाहेरची काच फुटूनही आतली नळी जळत राहिली तर लगेच बंद करा, तो उजेड डोळ्यांना आणि कातडीला घातक असतो. आणि एकदा विझवला की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, बिघडला समजून बदलत बसू नका.

वीज जाण्याची कटकट असेल तर पॉवर बँकेवर चालणारी 365 नॅनोमीटर तरंगलांबीची यूव्ही (अतिनील) एलईडी घ्या. स्वस्तातल्या जांभळ्या टॉर्च बहुधा 395 च्या असतात, त्यांना प्रतिसाद कमी. दिव्याकडे थेट बघू नका, यूव्ही अडवणारा चष्मा लावा.

चादर सुती, साधारण 6 बाय 8 फूट. खालचा दोन-अडीच फूट भाग जमिनीवर पसरा, कारण बरेच पतंग आणि भुंगेरे खाली पडून तिथेच बसतात. खालच्या कोपऱ्यांवर जांभ्याचे तुकडे ठेवा, चादर हलली की फोटो गेला. दिवा चादरीपासून वीतभर पुढे, डोक्याच्या उंचीवर. चादरीचं तोंड डोंगराकडे. पडवीतले, न्हाणीघराचे सगळे दिवे बंद.

भिंगवाला
फोटोचं सांगतो. पांढरी पार्श्वभूमी दिसली की कॅमेरा उजेड कमी करतो, म्हणून चादर करडी आणि पतंग काळा. फ्लॅशशिवाय घेत असाल तर एक्स्पोजर +1 करा. पण माझं मत विचाराल तर फ्लॅशच वापरा, फक्त नागडा नको. अंगच्या फ्लॅशसमोर पॅकिंगच्या पांढऱ्या फोमचा किंवा बटर पेपरच्या दोन पदरांचा, तळहाताएवढा पडदा पुढे झुकवून लावा. मॅन्युअल मोड, शटर 1/160, एफ 11, आयएसओ 400. तरी जळालं तर फ्लॅशची ताकद उतरवा, शटरला हात लावू नका.

हॉक मॉथसारख्या मोठ्यांना 18-55 पुरते. लहानांसाठी पुढे रेनॉक्स डीसीआर-250 हे लेन्सवर बसणारं मॅक्रो भिंग अडकवा. लेन्स 55 वरच ठेवा, नाहीतर कोपरे काळे होतात. अंतर साधारण 12 सेंमी राहतं. फोनवर अगदी जवळ जाऊ नका, सावली पडते. थोडं मागे सरून 2एक्स, आणि बाजूने टॉर्च बटर पेपरमधून. यूव्हीच्या उजेडात सगळं निळंजांभळं येतं, फोटोपुरता तो दिवा झाका.

सेन्सर पंखांना समांतर धरा. ओळखीसाठी वरून एक, बाजूने एक आणि मिशांचा एक फोटो हवा. शेजारी मोजपट्टी ठेवून एक घेतलात तर आणखी चांगलं. चादरीपेक्षा घराच्या जांभ्याच्या भिंतीवर बसलेले पतंग शोधा, फोटो देखणे येतात.

कातळसडा
वरच्यांनी एक गोष्ट सांगितली नाही: किड्यांमागे बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. आपल्याकडे फुरसं रात्रीच फिरतं. गमबूट घाला, चादरीचा जमिनीवरचा भाग उचलण्याआधी टॉर्च मारा. अंगावर किडा बसला तर चिरडू नका, फुंकर मारा. लाल-काळा, मुंगीसारखा लांबट रोव्ह बीटल चिरडला तर त्यातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. गांधील माशा जमल्या तर दिवा बंद.

पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उठतात त्या संध्याकाळी पडदा लावण्यात अर्थ नाही, त्यांच्या गर्दीत बाकी काही दिसत नाही. आणि हे सगळं स्वतःच्या अंगणात ठीक. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते.

आडवाट
मनापासून आभार. किती वाजेपर्यंत थांबायचं? आणि ओळख आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) टाकून होते का?

निशाचर
अंधार पडल्यापासून दहापर्यंत पहिली लाट. मोठे रेशीमपतंग, म्हणजे ऍटलास, मून मॉथ वगैरे, बरेचदा मध्यरात्रीनंतर. त्यांना धड तोंडच नसतं, प्रौढावस्थेतले थोडे दिवस साठवलेल्या चरबीवर काढतात. पकडून डब्यात घालू नका. गार वारा सुटला की गुंडाळा. ढगाळ, दमट, वारा नसलेली रात्र असेल तर अमावस्येचा हट्टही नको.

आयनॅचरलिस्टवर एका पतंगाची एक नोंद, त्याचे सगळे फोटो त्यातच. यंत्राने सुचवलेलं नाव डोळे मिटून घेऊ नका, ते कधीकधी अमेरिकेतला पतंगही सुचवतं. भारतातल्या नोंदी आहेत का ते बघा. बसण्याची ढब मदत करते: जिओमेट्रिडी कुळातले पंख पसरून पृष्ठभागाला चिकटतात, नॉक्टुइडी कुळातले ते छपरासारखे मिटतात, प्लूम मॉथ इंग्रजी टी अक्षरासारखे बसतात. बारक्यांपैकी अनेकांची जात फोटोवरून ठरतच नाही, कुळापाशी थांबा. घराचा पत्ता उघड नको असेल तर स्थान धूसर करण्याची सोय आहे.

कातळसडा
दिव्याला न जुमानणारेही असतात. अतिपिकलेलं केळं, गूळ आणि थोडं पाणी कुस्करून दिवसभर आंबू द्या, संध्याकाळी झाडाच्या खोडावर ब्रशने लावा आणि तासातासाने टॉर्च मारून बघा. संत्रा-मोसंबीवाल्यांना छळणारा रसशोषक पतंग असा हमखास सापडतो. त्याच्या अळ्या गुळवेलीवर वाढतात, तेव्हा कुंपणावर गुळवेल असेल तर दिवसाही पानं उलटून बघा.

आणि पडदा सकाळपर्यंत तसाच ठेवू नका. उजाडताच बुलबुल, दयाळ, कोतवाल येऊन एकेक पतंग टिपतात. उजाडण्याच्या तासभर आधी दिवा विझवा आणि चादर झुडपांजवळ हलक्या हाताने झटका.