पावसाळी ट्रेकसाठी जॅकेट सुचवा, बजेट २०००

घोडबंदरकर
रविवारी पेब (विकटगड). नेरळहून चढून माथेरानच्या रुळांवरून परत. जुन्या जॅकेटची आतली पापडी सुटायला लागलीये, मानेला चिकटते. ठाण्यात २००० च्या आत काय घेऊ? ५००० एमएम पुरेल?

सह्यवेडा
दोन हजारांत रेनकोट मिळेल, जॅकेट नाही. माझं गोअरटेक्सचं, पाणी अडवतं नि घामाची वाफ बाहेर सोडतं, ११ हजार. हिमालयात नेलं, थेंब आत नाही.

वाशीचे_अण्णा
हिमालयातलं इथे सांगू नका. जुलैत आपली हवाच ओलीगच्च, आतली वाफ जाणार कुठे? चढावर घामानेच चिंब होतो माणूस. एमएम म्हणजे कापडावर किती उंच पाण्याचा स्तंभ ठेवला की झिरपतं, तो आकडा. ५००० म्हणजे पाच मीटर. कापड पुरतं हो, पाणी शिवणीतून येतं. दुकानात जॅकेट उलटं करून शिवणींवरची टेप बघा.

येऊर_रोजचं
पोंचो घ्या, साडेतीनशे. सॅकपण झाकते.

कळवा_लोकल
पोंचो घालून पेबच्या शिड्या?? वाऱ्याने तोंडावर येतो, पायाखालची पायरी दिसत नाही. भोगलंय.

मामाभाचे
आधी बूट बघा. माझे महागडे तीन वर्षं माळ्यावर होते, लोहगडच्या पायऱ्यांवर अख्खा तळ सुटला. दमट हवेत आतल्या फोमचा भुगा होतो, वापरा नाहीतर ठेवा. नाडीने बांधून उतरलो. तेव्हापासून अ‍ॅक्शन कंपनीचे ट्रेकिंग बूट.

सह्यवेडा
ग्रिप चांगली, मान्य. पण शेवाळावर कुठलाच बूट टिकत नाही.

मामाभाचे
तुमचा ११ हजारवाला टिकत असेल.

ऐरोलीची_सई
जॅकेट राहिलं बाजूला! दादा, घेतलंत की आत राखाडी टीशर्ट घालून घरी शॉवरखाली १० मिनिटं उभे राहा. राखाडीवर ओल लगेच दिसते. हात वर करून हं, शिडीवर हात वरच असतात. माझ्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत गेलेलं.

निवांत_नेरुळ
शिवणीला टेप आहे का बघा.

वाशीचे_अण्णा
वर लिहिलंय.

घोडबंदरकर
धन्यवाद मंडळी. जुनंच घालून शॉवरखाली राहिलो. खांद्यातून गळतं. पण नवीन घेत नाही, भिजतच जाणार. कोरडे कपडे आणि मोबाईल कचऱ्याच्या दोन पिशव्यांत. १३०० चे बूट घेतले.

वाशीचे_अण्णा
माथ्यावर थांबलास की कुडकुडशील. साधं विंडचीटर तरी ठेव सॅकमध्ये.

मामाभाचे
बूट कुठले?